उसाला झटका कुंपण : पहिल्यांदा घेताना काय पाहावे?



उमरखेड, महागाव, पुसद भागात शेतावर गेलो की हल्ली पहिली तक्रार रानडुकरांची असते. लागवडीनंतर रात्रीतून कांड्या उकरतात आणि ऊस वाढला की त्यातच मुक्काम ठोकतात. पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांत रोह्यांचा त्रास वेगळाच. म्हणून पुष्कळ सभासद झटका मशीन कोणते घ्यावे, असे विचारतात.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मोटारीच्या लाईनवरून तारेत थेट करंट सोडणे म्हणजे कुंपण नव्हे, तो फास आहे. २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस त्यात सापडतो. वीजचोरीला विद्युत अधिनियम २००३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माणूस किंवा वन्यप्राणी दगावला तर गुन्हा वेगळा.

झटका मशीनचे तंत्र निराळे. व्होल्ट हजारांत असतात, पण ठोका सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता. दोन ठोक्यांत साधारण एक सेकंदाची उसंत असते, तेवढ्यात जनावर मागे सरते. मशीन वीज-कुंपणाच्या भारतीय मानकाप्रमाणे असल्याचा लेखी दाखला व पक्के बिल मागा. गावठी बनावटीचे स्वस्त मशीन घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा. नवा माणूस सगळा पैसा मशीनवर घालतो आणि अर्थिंगला एक सळई ठोकून मोकळा होतो. झटका तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगवाटे परत मशीनकडे, असा फिरतो. ही वाट तुटली की भारी मशीनही नुसते टिकटिकते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा हेच होते. म्हणून सहा फुटी जस्ती सळया निदान तीन, दहा-दहा फुटांवर, पाटाच्या ओलीला ठोका. शिवाय मधली एक तार अर्थिंगला जोडावी, म्हणजे कोरड्यातही झटका बसतो.

तारा जस्ती व ताणाच्या घ्या. डुक्कर मुसंडी मारून खालून घुसते, म्हणून पहिली तार जमिनीपासून आठ-नऊ इंचांवर, दुसरी दीड फुटावर, तिसरी अडीच फुटांवर. रोही उडी मारतो. त्याच्यासाठी पाच फुटांपर्यंत पाच तारा लागतात. खांबाला इन्सुलेटर हवेतच. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी चालवू नका. सोलरवर रोज भरणारी-उतरणारी बॅटरी वेगळी मिळते. व्होल्ट मोजायचा टेस्टर जरूर घ्या.

खर्चाचा हिशेब असा. एक एकर चौरस शेताचा घेर सुमारे ८३५ फूट. चार एकरांच्या चौरस तुकड्याचा १,६७०. क्षेत्र चौपट, तार मात्र दुप्पटच! चार शेजाऱ्यांनी मिळून कुंपण केले तर प्रत्येकाचा खर्च निम्म्यावर येतो. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान दिले गेले आहे. खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात आपल्या गावाची चौकशी करावी.

पुढची निगा आपल्याच हाती आहे. तारेला गवत किंवा पाचट टेकले की झटका उतरतो. शेवटच्या सरीपासून तार तीन-चार फूट दूर ठेवा आणि खालचे गवत काढत राहा. वाटेच्या बाजूने मराठीत, ठळक अक्षरांत धोक्याच्या पाट्या लावा.

आणि तोडणीची टोळी फडात उतरण्याआधी मशीन बंद करून तार सोडा. टोळीबरोबर लहान लेकरे असतात. त्यांना पाटी वाचता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी