वादळ कमजोर झाले, पाऊस नव्हे

9 डिसेंबर 2022 च्या रात्री ‘मंदोस’ चक्रीवादळाने मामल्लपुरमजवळ किनारा ओलांडला. समुद्रावर असतानाच ते ‘तीव्र’ श्रेणीतून एक पायरी खाली उतरले होते. तरीही बेंगळुरू परिसरात त्यानंतर ढगाळ हवा, गारठा आणि पावसाची रिपरिप होतीच. अंदाजातील ‘कमजोर’ हा शब्द वाऱ्याच्या वेगापुरता असतो, हे विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे.

चक्रीवादळाचे बळ त्याच्या उभ्या, उबदार गाभ्यात असते. खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांचा वेग किंवा दिशा फार निराळी असली (यालाच विंड शिअर म्हणतात), तर गाभा कलतो, कोरडी हवा आत शिरते आणि उष्णता एकवटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पश्चिमेचे मोसमी वारे व सुमारे 14 किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत असतो. म्हणूनच आपल्याकडील मोठी चक्रीवादळे बहुधा मोसमी पावसाच्या आधी किंवा नंतर येतात. गाभा मोडला, तरी बाष्प मात्र उरते.

डिसेंबरात नाचणीची काढणी चालू असते, तूर शेंगांवर असते. ढग दिसताच घाटेअळीसाठी फवारणीची घाई होते. माझ्या मते ती व्यर्थ आहे: झडीत कीटकनाशक धुऊन जाते, अळ्या राहतात. उघडीप मिळताच कामगंध सापळ्यांतील पतंग आणि झाडांवरील अळ्या मोजाव्यात, मगच फवारणीचा निर्णय घ्यावा. कापलेली नाचणी मात्र पाऊस येण्याआधीच झाकावी.