पात्र मरतं तेव्हा नेमकं काय होतं?

कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की ‘जिवंत’ होऊन मैदानात परत येतो. खेळातलं मरणं आणि जिवंत होणं आपल्याला नवीन नाही. तरीही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा भूमिका-खेळ शिकायला बसलेले लोक पात्राच्या मरणाला फार घाबरतात. या खेळात टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो, डंजन मास्टर जग उभं करतो आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. मरणाचे नियम हा या खेळाचा सर्वांत सुंदर भाग आहे असं मला वाटतं, आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त आहेत.

गैरसमज: हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती घाव सोसू शकतं ते मोजणारे गुण, शून्य झाले की पात्र मेलं.

वस्तुस्थिती: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 साली अमेरिकेत आला, तेव्हा हे खरं होतं. शून्य म्हणजे संपलं. पण पाचच वर्षांनी, 1979च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात शून्यावर पात्र बेशुद्ध पडू लागलं. दर फेरीला त्याचा एक पॉइंट कमी व्हायचा आणि उणे दहाला मृत्यू. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीनेही उणे दहाची हद्द ठेवली. 2008च्या चौथ्या आवृत्तीत ‘डेथ सेव्ह’ आले आणि 2014च्या पाचव्या आवृत्तीत उणे आकडे गेले. म्हणजे पडणं आणि मरणं यांच्यामध्ये थोडी जागा असावी, हे या खेळाने फार लवकर ओळखलं.

गैरसमज: एकदा पडलं की सगळं नशिबावर.

वस्तुस्थिती: शून्यावर पडलेल्या पात्राचा खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीला ‘डेथ सेव्ह’ म्हणून वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. आधी तीन यशं जमली तर पात्र बेशुद्धच राहतं, पण स्थिरावतं. आधी तीन अपयशं जमली तर मरतं. थेट वीस पडले तर एका हिट पॉइंटवर शुद्धीवर येतं आणि एक पडला तर दोन अपयशं धरतात. कोणीही मदतीला आलं नाही आणि शत्रूनेही पुन्हा हात लावला नाही, तर या हिशेबाने मरणाची शक्यता सुमारे 40 टक्के निघते.

पण ‘कोणीही मदतीला आलं नाही’ ही अट फार मोठी आहे. सोबत्याने उपचाराच्या मंत्राने एक पॉइंट जरी दिला, तरी पडलेलं पात्र डोळे उघडतं आणि मोजलेली सगळी अपयशं पुसली जातात. मंत्र नसेल तर उपचारपेटी वापरून फासा न टाकता त्याला स्थिर करता येतं. पेटीही नसेल तर वैद्यकीच्या कौशल्यावर दहा गाठले तरी भागतं. फासा पडलेल्याच्या हातात असला, तरी जीव बहुतेक वेळा सोबत्यांच्या हातात असतो.

गैरसमज: तीन अपयशं लागतात, म्हणजे निदान तीन फेऱ्या हाताशी आहेत.

वस्तुस्थिती: याच भरवशावर राहिल्याने पात्रं हकनाक गमावली जातात. पडलेल्या पात्राला पुन्हा कसलीही इजा झाली की ते एक अपयश. पाच फुटांच्या आतून बेशुद्ध पात्रावर बसलेला प्रत्येक घाव ‘क्रिटिकल’ ठरतो आणि त्याची दोन अपयशं होतात. दोनदा वार करणारा राक्षस शेजारी उभा असेल तर त्याची एक पाळी पुरते.

शिवाय एका घावात सरळ मरणही येऊ शकतं. समजा, पात्राचे कमाल हिट पॉइंट 20 आहेत, शिल्लक 6 आहेत आणि 26चा घाव बसला. सहा संपून 20 उरतात. उरलेला घाव कमाल आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असल्यामुळे डेथ सेव्ह टाकायची वेळच येत नाही. पहिल्या पातळीवरच्या दुबळ्या पात्रांना हा नियम सर्वांत जास्त भोवतो. म्हणून सोबती पडला की त्याच्याकडे लगेच धावा.

गैरसमज: जादूने कोणालाही उठवता येतं, मग मरणाला अर्थ काय?

वस्तुस्थिती: उठवता येतं, पण मुदत आणि किंमत ठरलेली असते. ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत करावा लागतो आणि त्यात 300 सुवर्णनाण्यांचे हिरे खर्ची पडतात. ‘रेज डेड’ला दहा दिवसांची मुदत आणि 500 नाण्यांचा हिरा लागतो. त्यातून परतलेलं पात्र सुरुवातीला वार, बचाव आणि कौशल्य या सगळ्यांत चारने मागे पडतं आणि दर दीर्घ विश्रांतीगणिक एकेकाने सावरतं. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यालाही उठवणारा ‘ट्रू रेझरेक्शन’ आहे, पण त्याला 25,000 नाण्यांचे हिरे लागतात.

‘रेज डेड’ला आणखी एक अट आहे: आत्म्याची परतायची इच्छा हवी. म्हणजे सोबत्यांनी हिरे जमवले, मंत्र म्हटला, तरी शेवटचा शब्द त्या पात्राच्या खेळाडूचा. ‘माझ्या पात्राचं काम झालं’ असं म्हणून त्याने नकार दिला, तर तो नियमाला धरूनच असतो.

गैरसमज: सगळ्या भूमिका-खेळांत मरण सारखंच.

वस्तुस्थिती: प्रत्येक खेळ मरणाचे नियम आपल्या गोष्टीच्या जातीप्रमाणे घडवतो. 1977च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र तयार करतानाच, त्याची पूर्वीची नोकरी फाशांवर ठरवताना, ते मरू शकायचं. जोखीम घ्यायची की वेळीच निवृत्त व्हायचं, हा निर्णय तिथूनच सुरू होई. 1981च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये देहाआधी मन ढासळतं, त्याचा वेगळा हिशेब ठेवतात. 1984च्या ‘पॅरानोया’त प्रत्येकाला क्लोन मिळतात, तर त्याच वर्षीच्या ‘टून’मध्ये कार्टूनची पात्रं मरतच नाहीत, पडलेल्या पात्राचा खेळाडू फक्त तीन मिनिटं बाहेर बसतो. ‘ड्रेड’ या भयकथांच्या खेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा ज्याच्या हातून कोसळतो, त्याचं पात्र गोष्टीतून जातं. ‘टेन कँडल्स’मध्ये तर शेवटी सगळी पात्रं मरणार हे आधीच ठरलेलं असतं. ती कशी जगली, एवढंच खेळायचं असतं.

गैरसमज: पात्र मारणारा डंजन मास्टर हा खेळाडूंचा शत्रू.

वस्तुस्थिती: या समजाला इतिहास आहे. गायगॅक्सने 1975च्या एका खेळमेळाव्यासाठी रचलेलं ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे थडगं मुरलेल्या खेळाडूंचीही पात्रं गिळण्यासाठी प्रसिद्ध झालं. पण तिथे कसोटी घ्यायची हा उघड बेत होता. घरच्या डावात डंजन मास्टरचं काम धोका प्रामाणिकपणे दाखवणं आणि नियम सर्वांना सारखा लावणं हे आहे. मरण कितपत स्वस्त ठेवायचं, हे पहिल्या डावाआधी सगळ्यांनी मिळून बोलून ठरवावं. न बोलता ठरलेल्या मरणाची बोच फार दिवस राहते.

पात्र गेलं तरी खेळाडू टेबलावरून उठत नाही. तो नवा कागद घेतो आणि नवं पात्र मांडतो. जुन्याचं नाव मात्र सोबत्यांच्या तोंडी राहतं. त्याला वाचवायला कोण धावलं आणि कोणाचा मंत्र एका पाळीने उशिरा पोचला, हे त्यांना डावानंतर कित्येक महिने आठवत असतं. मरणाचा नियम नसता, तर ते धावणंही नसतं.