हळदीचा साबण लाल का होतो?

हळदीचा साबण करायला घेतलेल्या बचत गटाला पहिला धक्का पातेल्यातच बसतो. सोनपिवळी वडी निघेल या आशेने हळद टाकावी, तर मिश्रण विटकरी लाल! बिघडलेले मात्र काहीच नसते. सदऱ्यावर सांडलेल्या आमटीचा डाग साबण लावताच लाल होतो, मुका मार लागल्यावर लावायचा हळद-चुन्याचा लेपही लाल होतो, त्यातलाच हा प्रकार. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत रंग बदलते, आणि साबण कितीही वनस्पती घातलेला असला तरी अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात राहतो. पुढे वडी वाळते तसा हा लाल रंग तपकिरीकडे झुकतो आणि उजेडात फिका पडतो. बाजारातली ‘हळदीची’ वडी महिनोन्महिने पिवळीधमक दिसत असेल, तर तो पिवळेपणा बहुधा वेगळ्या रंगाचा.

हाताने केलेल्या साबणावर हल्ली हमखास छापलेले असते ते ‘केमिकल-फ्री’. हा दावा मला खटकतो. कॉस्टिक सोड्याशिवाय घट्ट साबणाची वडी होत नाही. तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन साखळ्या ग्लिसरीनला जोडलेल्या असतात. कॉस्टिक त्या तोडतो; साखळ्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटे होते. हा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी केला आणि 1823 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मोठ्या कारखान्यांत बहुधा मिठाच्या पाण्याने हे ग्लिसरीन वेगळे काढून स्वतंत्र विकतात. घरगुती पद्धतीत ते वडीतच राहते, किलोभर तेलामागे साधारण शंभर ग्रॅम. हातसाबणाचा खरा गुण कुठला, तर हा. कडुनिंब-तुळशीच्या पाल्याचा गाजावाजा फार होतो, पण अंगावर मिनिटभर राहून धुऊन जाणाऱ्या फेसातून त्वचेला त्याचे कितीसे मिळणार?

साबण नीट झाला तर कॉस्टिक कॉस्टिक म्हणून उरतच नाही. या ‘नीट झाला तर’मध्येच सगळा धंदा आहे, आणि तो वजनकाट्यावर उभा आहे. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे 136 आणि एरंडेलाला 128. हा फरक का? खोबरेल तेलात बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचे प्राबल्य असते, तर शेंगदाणा तेलातल्या साखळ्या बहुतेक अठरा कार्बनच्या. किलोभर मुगात दाणे जास्त आणि किलोभर वालात कमी, तसेच इथे आहे. साखळ्या आखूड म्हणून रेणू जास्त, आणि रेणू जास्त म्हणून कॉस्टिकही जास्त.

आता 2025 सारखे वर्ष डोळ्यांसमोर आणा. खोबरेलाचे भाव भडकले. कुणी हिशेबात बसावे म्हणून अर्धे खोबरेल कमी करून शेंगदाणा तेल घातले, पण कॉस्टिक जुन्याच मापाने ओतला. किलोमागे चोवीस-एक ग्रॅम कॉस्टिक जादा होतो. जाणते कारागीर पाच टक्के तेल मुद्दाम मोकळे ठेवतात, ती राखीव मोडूनही यातला बराच कॉस्टिक शिल्लक राहतो. वडी दिसायला छान, वास छान, आणि गिऱ्हाइकाच्या अंगाची आग. अशी वडी हळदीने ओळखता येत नाही, कारण पाण्यात भिजलेला चांगला साबणही हळद लाल करतो. साबण अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. गुलाबी रंग आला तर मोकळा कॉस्टिक उरला आहे. पुष्कळ जण नुसती जीभ लावून पाहतात. झटका बसला तर माल बाजूला काढतात. उपाय अडाणी, तरी काहीच न पाहण्यापेक्षा बरा.

तेल बदलले की हिशेब नव्याने मांडायचा, हे शिकवायला दहा मिनिटे लागतात. प्रशिक्षणांत मात्र जास्त वेळ सुगंध, साचे आणि वेष्टन यांवर जातो. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये. द्रावण क्षणात 80-90 अंशांपर्यंत तापते आणि उलट केले तर उसळून अंगावर येते. जर्मनचे पातेले तर मुळीच नको. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. स्टील चालते. हातावर उडालेच तर लिंबू चोळत बसू नये, भरपूर वाहत्या पाण्याखाली हात धरावा. डब्याचे झाकण सैल राहिले तर कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतो. मग काट्यावर वजन बरोबर, पण साबण तेलकट.

वजनकाट्यानंतरचे दुसरे भांडवल म्हणजे वेळ. घोटता घोटता रवीची रेघ वर उमटून राहिली की मिश्रण साच्यात ओततात, दुसऱ्या दिवशी वड्या कापतात. पण विक्री चार-सहा आठवड्यांनी. रासायनिक क्रिया तोवर केव्हाच संपलेली असते. पुढे उडते ते मुख्यतः पाणी, आणि वडी टणक होते. दहा किलो तेल, दीड किलो कॉस्टिक आणि तीन लिटर पाणी यांचे साडेचौदा किलो मिश्रण होते. त्यातले निम्मे पाणी उडाले तर तेरा किलो उरते. म्हणजे शंभर ग्रॅमची वडी विकायची असेल तर कापताना ती 112 ग्रॅमची हवी. छापलेल्या वजनापेक्षा माल कमी भरला तर ‘वाळला हो’ हे कारण गिऱ्हाइकाला पटत नाही.

खरी अडचण पंचांगाची आहे. साबणाचा मोठा खप दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला. त्यासाठीची वडी भाद्रपदात, फार तर भाद्रपद संपताना ओतलेली हवी, म्हणजे ऐन दमट हवेत. ज्या ग्लिसरीनचे कौतुक वर केले तेच आता उलटते: ते हवेतले पाणी ओढते आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वड्यांवर थेंब जमतात. साबणाला घाम फुटला म्हणून माल प्लास्टिकमध्ये गुंडाळणे ही सर्वांत वाईट युक्ती, कारण आतले पाणी आतच अडकते. कॉस्टिकच्या द्रावणात पाणी थोडे कमी घ्यावे, वड्या एकमेकींना न टेकवता जाळीवर मांडाव्यात आणि पंखा सुरू ठेवावा. मराठवाड्यात वेगळीच तक्रार, फेस येत नाही. तिथे बहुधा दोष बोअरच्या जड पाण्याचा असतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका करतात. वडी कितीही चांगली असो, बादलीतले पाणी तिचा काही भाग खाणारच.

कायद्याच्या दृष्टीने अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे. 2020 च्या नियमांनुसार तो करून विकायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हे काम बसत नाही. देखरेख करणारी व्यक्ती रसायनशास्त्र घेऊन निदान बारावी झालेली असावी, अशा स्वरूपाची अटही आहे. छोट्या गटांना हा जाच वाटतो. जागेची आणि कागदपत्रांची अट त्यांना जड जाते हे खरे, पण रसायनशास्त्राची अट मला रास्त वाटते. इसब बरा करण्याचा दावा वेष्टनावर छापणे तर थेट औषधाच्या कायद्यात पाय अडकवणे आहे.

पुष्कळ ठिकाणी तयार साबणाचा गोळा आणून, वितळवून, रंग-वास घालून ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकतात. त्यात लबाडी नाही, फक्त तसे सांगावे. तेव्हा प्रदर्शनात वडी हातात घेतलीत, तर पाल्याचे नाव वाचण्याआधी विक्रेतीला विचारा: ताई, तेल कोणते, वडी कधी कापली, परवाना क्रमांक कुठे आहे? जी बाई न अडखळता उत्तर देईल, तिच्याकडून घ्या, आणि घासाघीस करू नका.