एका तारेवरचा संसार

"आबा, बाबा दाराशी उभा आहे, पण आत येत नाहीये!"

नातवाची हाक ऐकून मी हातातला पेपर टाकून उठलो आणि खरोखरच दार उघडलं. जिन्यात कुणीच नव्हतं. "तिथं नाही हो, इथं!" म्हणत त्यानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्याचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव, स्टुटगार्टच्या खोलीत बसून ठाण्याच्या आमच्या फ्लॅटचं दार ठोठावत होते. इंटरनेटवरून!

'गेम' या प्रकाराबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. माझ्या कादंबऱ्यांतली मुलं पत्ते कुटून बिघडली. आज लिहिली असती तर गेम खेळून बिघडली असती. पण मुलगा परदेशी गेल्यापासून एक गोष्ट डाचत होती. व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का', 'अभ्यास झाला का' एवढं झालं की बापलेक गप्प. सुटीत तो आला, तेव्हा मात्र दोघं शेजारी बसून माइनक्राफ्टमध्ये घर बांधत होते आणि हात चालू असताना पोरगं शाळेतलं सगळं सांगत होतं. ते अर्धवट घर नातवाच्या लॅपटॉपवर राहिलं होतं. बापाला तिथं पोचायचं होतं.

मग मीच कंबर कसली. उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे राउटर म्हणजे शाखेचा आवक-जावक विभाग हे मला लवकर उमगलं. बाहेरच्या जगाला घराचा पत्ता एकच माहीत. आत मात्र प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा अंतर्गत नंबर. आतून पत्र गेलं की राउटर त्यावर शाखेचा शिक्का मारतो, रजिस्टरला नोंद करतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवतो. पण आधी आतून पत्रच गेलेलं नसेल, तर बाहेरून आलेला कागद टोपलीत! चिरंजीवांचा टकटकाट तिथंच जात होता.

उपाय सोपा होता. लॅपटॉपचा अंतर्गत नंबर कायम केला आणि या खेळाची नेहमीची, २५५६५ क्रमांकाची खिडकी त्या नंबराकडे वळवली. तरी दार बंदच! शेवटी पाहिलं, तर राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एक. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तेव्हा सगळ्या चाळीला एकच टपालपेटी! दरमहा थोडे जास्त पैसे भरून आम्ही स्वतंत्र पत्ता घेतला. दार उघडलं.

उघडं दार म्हटलं की चोरही आले. राउटरचा पासवर्ड दुकानातून आला तसाच, 'ॲडमिन'! लॉकर सांभाळलेल्या माणसाला घाम फुटला. तो बदलला आणि खेळातल्या परवानगीच्या यादीत दोनच नावं ठेवली.

पुढच्या रविवारी नवीच आरोळी. "कुणी काय लावलंय? बाबा पाण्यात पडला!" स्वयंपाकघरात हिचं कीर्तन चालू होतं, पण खरी अडचण सूनबाईंची. त्या ऑफिसला भलीमोठी फाइल पाठवत होत्या. "बाबा, मोठा प्लॅन घेऊ या," त्या ओशाळून म्हणाल्या.

मी म्हटलं, आधी रांग पाहू. काउंटरवर चिल्लरची पिशवी घेऊन दुकानदार उभा राहिला, की मागं पासबुक भरायला आलेले पेन्शनर तासभर ताटकळतात. त्यांचं काम मिनिटाचंच असतं. खेळाचे निरोप असेच चिमुकले. त्यांना वेग नको, वेळेवर पाळी हवी. राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सोय निघाली. त्यात वर जाणाऱ्या वेगाची मर्यादा प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी लिहिली आणि खेळाला अग्रक्रम दिला. फाइल थोडी सावकाश गेली, पण कुणाचं अडलं नाही. राउटर लोखंडी कपाटामागून काढून हॉलमध्ये आणला आणि लॅपटॉपला सरळ केबल जोडली.

तरी थोडा उशीर राहतोच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्याहून लवकर जर्मनी गाठून देणारा प्लॅन कुणाकडेच नाही. मुलगा लांब आहे, हे राउटरला लपवता येत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी सातला नातू ओरडला, "बाबा आला!" या वेळी मी दाराकडे गेलो नाही. आतून हिनं विचारलं, "अहो, कोण आलंय?"

"आपला मुलगा," मी म्हणालो.

पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि नातवाच्या मागं जाऊन उभी राहिली.