गळ्यांतून श्वास : दोन रीती

वर्धा जिल्हा हा कापसाचा मुलूख. कपाशीवर मारावयाचें कीटकनाशक पोटांत गेलें, किंवा फवारतांना अंगांत भिनलें, म्हणजे दोन-चार दिवसांनीं कित्येकांचे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मण्यारीच्या दंशानेंहि तेंच होतें. असा रोगी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणीं पोंचला, तर तोंडावाटे नळी घालून त्याला श्वसनयंत्र लावतात. मण्यारीचें विष पुष्कळदां थोड्या दिवसांत उतरतें. कीटकनाशकाचा रोगी मात्र दोन-दोन आठवडे यंत्रावर राहूं शकतो. मग डॉक्टर संमतिपत्र पुढें ठेवून सांगतात, "गळ्याला छिद्र करावें लागेल." त्यावर घरच्यांच्या मनांत पहिला विचार येतो, माणूस मुका होईल.

प्रथम या भीतीविषयीं. ज्या स्वरतंतूंपासून आवाज निघतो त्यांच्या खालीं हें छिद्र असतें. नळी आहे तोंवर श्वास त्यांच्यावरून जात नाहीं, म्हणून बोलतां येत नाहीं, एवढेंच. नळी काढल्यावर छिद्र बहुधा आपोआप बुजतें आणि आवाज परततो. उलट तोंडांतील नळी या तंतूंच्या मधूनच गेलेली असते. फार दिवस राहिली तर तीच त्यांना घासते. शिवाय गळ्यांतील नळी रोग्याला कमी बोंचते, त्यामुळें गुंगीचें औषधहि कमी लागतें.

छिद्राच्या रीती मुख्यत्वें दोन. शस्त्रक्रियेची रीत १९०९ सालीं अमेरिकेंतील शव्हॅलिए जॅक्सन यांनीं नीट बसवून दिली. तींत मानेची कातडी छेदतात, स्नायू बाजूस सारतात, आणि श्वासनलिका डोळ्यांना दिसल्यावर ती उघडतात. हें बहुधा शस्त्रक्रियागृहांत चालतें. दुसरी रीत सिआग्लिया या अमेरिकन शल्यविशारदानें १९८५ सालीं मांडली. तींत रोग्याला अतिदक्षता विभागांतील खाटेवरून हलवावें लागत नाहीं. नलिकेच्या दोन कड्यांमधल्या फटींतून सुई आंत घालतात. पिचकारींत हवा आली, कीं सुई नलिकेंत पोंचली. मग तींतून लवचिक तार सोडतात, सुई काढतात, आणि तारेवरून निमुळते शंकू सरकवून वाट रुंद करतात. गोणपाटाचें सूत न तोडतां दाभणानें भोंक मोठें करावें, तशांतला हा प्रकार. पुढें अनेक शंकूंच्या जागीं एकच वाकडा शंकू आला. १९९० सालीं ऑस्ट्रेलियांतील ग्रिग्ज यांनीं शंकूऐवजीं तारेवरून सरकणारा चिमटा वापरला. तो निर्जंतुक करून पुन्हा वापरतां येतो. एकदां वापरून टाकावयाच्या संचाचा खर्च ज्यांना जड, त्यांना ही मोठी सोय आहे.

श्रेष्ठ कोणती? दुसऱ्या रीतींत जखम लहान, ती चिघळण्याचें प्रमाण कमी. मृत्यूच्या आंकड्यांत मात्र स्पष्ट फरक आढळलेला नाहीं. माझ्या मतें हा प्रश्न रोग्याच्या मानेचा आहे. मान आंखूड व जाड असून कडीं बोटांना लागत नसलीं, रोगी लहान मूल असला, मानेवर पूर्वीं शस्त्रक्रिया झालेली असली, तर डोळ्यांना दिसेल अशी जुनी रीतच बरी.

आणि छिद्र केव्हां करावें? ब्रिटनमध्यें सुमारें ९०० रोग्यांवर झालेली एक पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. निम्म्यांना चार दिवसांच्या आंत छिद्र करावयाचें, उरलेल्यांना दहा दिवस थांबून, गरज भासली तरच, अशी योजना होती. मृत्यूचें प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेंच निघालें. थांबलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना छिद्र करावेंच लागलें नाहीं! तेव्हां डॉक्टर थांबूं म्हणाले, तर ती हयगय समजूं नये.

एक गोष्ट मात्र खाटेपाशीं बसणारानें ध्यानांत धरावी. दुसऱ्या रीतींत वाट ताणून केलेली असते. पहिल्या आठवड्यांत नळी निसटली तर ती चटकन मिटते, व नळी पुन्हा बसवणें धोक्याचें होतें. म्हणून कूस बदलतांना नळीला हिसका बसूं देऊं नये. ती सरकलीशी दिसली तर आपण ढकलूं नये, तत्काळ परिचारिकेला हांक मारावी.