मोबाइलच्या नकाशातला वेग कोण लिहितो?



गळीत हंगामात सोलापूर-पुणे महामार्गावर आपल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि मोबाइलचा नकाशा लावून धावणाऱ्या मोटारीही. त्या नकाशातली वेगमर्यादा येते कुठून?

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला नकाशा लोकच भरतात. ‘ऑरगॅनिक मॅप्स’, ‘ऑसमँड’ ही ॲप्स त्यावरच चालतात. त्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला वेगाचा रकाना असतो. ताशी किलोमीटरचा आकडा तिथे घालायचा.

विनामूल्य खाते उघडून आपल्या गावचा रस्ता आपणच भरावा. पाटीवरच्या लाल वर्तुळात असेल तोच आकडा लिहावा. पाटीपाशी रस्त्याचा तुकडा पाडावा. जाता-येता मर्यादा वेगळी असेल, तर दोन्ही दिशा वेगळ्या नोंदवाव्यात. गुगलच्या नकाशावरून उतरवू नये, ते नियमात बसत नाही. अंदाज तर नकोच! ४० च्या जागी ८० पडले, तर मोटारवाला बेफिकीर येईल आणि पुढे आपलीच ट्रॉली असेल.

पाटीच नसेल, तर रकाना मोकळा ठेवावा आणि रस्ता ज्या खात्याचा असेल, त्याच्याकडे ग्रामपंचायतीमार्फत पाटी मागावी. ॲपला ट्रॉली दिसत नाही; मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.