रस्त्यावरील तंटा आणि आत्मसंरक्षणाचा हक्क

सुगीचे व ऊसतोडीचे दिवस आले कीं बागायती मुलखांतील रस्त्यांवर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या, मालमोटारी व दुचाकी यांची एकच गर्दी उसळते. रस्ता एक, परंतु चाल प्रत्येकाची निराळी. उसानें भरलेली ट्रॉली सावकाशच चालावयाची, आणि मागील मोटारवाल्यास तर घाई. भोंगा वाजतो, ओलांडून जातांना चाक घासतें, शिवी दिली जाते, गाडी आडवी घातली जाते, आणि क्षणापूर्वीं एकमेकांस ओळखतहि नसलेले दोन इसम एकमेकांची गचांडी धरतात. नुकसान पाहूं गेल्यास एका आरशाचें. पण त्यापायीं कोणाचा जीव जातो, तर कोणाच्या घरावर फौजदारी खटला येऊन जमीन गहाण ठेवण्याची पाळी येते. म्हणून अशा प्रसंगीं कसें वागावें व प्रसंग अंगावरच आल्यास कायदा कोठवर मुभा देतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम तंटा टाळण्याविषयीं. मोटारींत बसलेल्या माणसास दुसऱ्याचें तोंड दिसत नाहीं, फक्त गाडी दिसते. त्यामुळें समोरच्याची साधी चूकहि मुद्दाम केलेली आगळीक वाटते. ट्रॉलीच्या पाठीमागें लाल दिवा व चकाकणारी पट्टी लावणें, जागा मिळतांच डावीकडे घेऊन मागच्यास वाट देणें आणि वळण्यापूर्वीं इशारा करणें, एवढ्यानें पुष्कळ भांडणें उगमापाशींच आटतात. एका हातानें टाळी वाजत नाहीं. शिवी ऐकून जो खालीं उतरत नाहीं, त्याचें कांहींच जात नाहीं. कोणी पाठलाग करूं लागल्यास गाडी निर्जन जागीं किंवा आपल्या वस्तीकडे न नेतां पोलीस ठाण्याकडे, पेट्रोल पंपाकडे किंवा भर बाजारांत न्यावी व ११२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

क्षणाचा राग केवढा महाग पडतो याचें एक उदाहरण सर्वश्रुत आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजीं पतियाळा येथें रस्त्यांत उभ्या केलेल्या गाडीवरून नामांकित क्रिकेटपटु नवज्योतसिंग सिद्धू यांचा एका ६५ वर्षांच्या गृहस्थांशीं वाद झाला. मारहाण झाली व ते गृहस्थ मरण पावले. १९९९ सालीं सत्र न्यायालयानें सिद्धू यांस निर्दोष सोडलें; २००६ सालीं उच्च न्यायालयानें तीन वर्षांची शिक्षा दिली; मे २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द करून केवळ १,००० रुपये दंड केला; आणि १९ मे २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें पुनर्विलोकन करून एक वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. कांहीं क्षणांच्या झटापटीचा निकाल लागण्यास तेहेतीस वर्षें लोटलीं. मल्ल, मुष्टियोद्धा किंवा धडधाकट खेळाडु यांचा नुसता हातहि शस्त्र ठरूं शकतो, असें न्यायालयानें ह्या निकालांत म्हटलें आहे. आखाड्यांत अंग कमावलेल्या आपल्या तरुणांनीं हें वाक्य विसरूं नये.

आतां कायद्याकडे वळूं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता अमलांत आली आहे. आत्मसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत सांगितला असून, जुन्या ९६ ते १०६ ह्या कलमांचेंच मर्म त्यांत राखलेलें आहे. तें मर्म असें. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचें, तसेंच चोरी, जबरी चोरी, नासधूस व बेकायदेशीर प्रवेश यांपासून मालमत्तेचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. शरीररक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीति उत्पन्न होतांच सुरू होतो व ती भीति संपतांच संपतो. बचावास अवश्य तेवढीच इजा करतां येते, अधिक नाहीं. सरकारी संरक्षण मागण्यास अवधि असेल तर हा हक्क उरत नाहीं. प्राणघातक प्रतिकाराची मुभा तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीति यांसारख्या कायद्यानें नेमून दिलेल्या थोड्या प्रसंगींच आहे. नुसत्या शिवीगाळीनें हात उचलण्याचा हक्क मिळत नाहीं, आणि ज्यानें स्वतःच भांडण उकरून काढलें त्यास ह्या हक्काची ढाल सहसा मिळत नाहीं.

उदाहरणार्थ, एखाद्यानें जीप आडवी लावून शेतकऱ्यावर लोखंडी दांडा उगारला. शेतकऱ्यानें हातांतील काठीनें त्याच्या मनगटावर फटका मारून दांडा खालीं पाडला. येथवर तो हक्काच्या मर्यादेंत आहे. दांडा पडल्यावर तो इसम पळूं लागला असतां त्यास गांठून डोक्यांत काठी घातली, तर तो बचाव नव्हे, सूड होय. साध्या दुखापतीस एक वर्षापर्यंत कैद आहे. तीच दुखापत कोयता, कुऱ्हाड अशा घातक हत्यारानें केल्यास तीन वर्षांपर्यंत.

मात्र कायदा भ्याडपणा शिकवीत नाहीं. पंजाबांतील शेतजमिनीच्या एका तंट्यांत २०१० सालीं निर्णय देतांना सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जिवावर बेतलेल्या मनुष्यानें प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूंत तोलून घालावा अशी अपेक्षा करतां येत नाहीं, व हल्ला झाल्यास पळूनच जावें असेंहि बंधन नाहीं. पण हा हक्क रक्षणापुरता आहे, बदल्यासाठीं नाहीं, हेंहि त्याच निकालांत बजावलें आहे.

प्रसंग घडून गेल्यावर काय करावें, हें तितकेंच महत्त्वाचें. अपघातांत कोणी जखमी झाल्यास त्यास दवाखान्यांत पोंचविणें हें मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमान्वयें चालकाचें कर्तव्य आहे. जमाव खवळल्यामुळें तें अशक्य झाल्यास चालकास सूट आहे. परंतु शक्य तितक्या लवकर, आणि उशिरांत उशिरा २४ तासांच्या आंत, पोलीस ठाण्यांत वर्दी दिलीच पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद आतां कोणत्याहि ठाण्यांत देतां येते व तिची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळते. समोरच्या गाडीचा क्रमांक टिपावा, छायाचित्रें घ्यावीं, साक्षीदारांचीं नांवें लिहून ठेवावीं, आणि स्वतःस मार लागला असल्यास त्याच दिवशीं सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. कारण आपण बचावासाठींच हात उचलला हें दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. तो संभवनीयतेपुरताच असला, तरी त्यास पुरावा लागतोच. आणि बहुधा जो अगोदर ठाण्यांत पोंचतो त्याचीच हकीकत प्रथम कागदावर येते.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपण सारे जाणतों. घरांतील जे तरुण ट्रॅक्टर किंवा मालमोटार चालवितात, त्यांस वरील गोष्टी वडील मंडळींनीं हंगामापूर्वींच एकवार समजावून द्याव्या, अशी आमची विनंति आहे.